अमेरिकेतले कॉलेज खेळाडू, ग्रँड ज्युरी आणि ‘स्पीडी ट्रायल’: कुठलं घड्याळ कधी चालू होतं?

मध्यरेषा (प्रश्न)

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या बातम्यांत एक साचा कायम दिसतो. खेळाडूला अटक, दुसऱ्या दिवशी संघातून निलंबन, काही आठवड्यांनी ‘ग्रँड ज्युरीने आरोप निश्चित केले’, आणि मग वर्ष-दीड वर्ष काहीच नाही. शेवटी आतल्या पानावर दोन ओळी: निर्दोष सुटला, किंवा खटला मागे घेतला. तोवर त्याचे हंगाम संपलेले असतात.

माझे तीन प्रश्न आहेत. ग्रँड ज्युरीचा निर्णय खरोखर किती वजनाचा असतो, की विद्यापीठं त्यावर लगेच कारवाई करतात? राज्यघटनेत जलद खटल्याचा हक्क असताना प्रकरणं इतकी का रखडतात? आणि खेळाडूने तो हक्क जोर लावून मागितला, तर हंगाम वाचतो का? राज्यागणिक नियम वेगळे असतात हे माहीत आहे, त्यामुळे शक्य असेल तिथे आकडे द्या.

---

ज्युरीबॉक्स

सुरुवात तुमच्या वाक्यातल्या एका शब्दापासून करतो. ‘आरोप निश्चित केले’ हे आपल्या वर्तमानपत्रांचं भाषांतर आहे आणि निम्मा घोळ तिथेच होतो. भारतात आरोप निश्चिती न्यायाधीश करतो, दोन्ही बाजूंचं ऐकून. ग्रँड ज्युरीसमोर न्यायाधीश बसलेला नसतो आणि आरोपीचा वकीलही नसतो. सरकारी वकील आपले साक्षीदार आणतो, नागरिकांचा गट ऐकतो आणि ‘हा गुन्हा या माणसाने केला असं मानायला सकृद्दर्शनी कारण आहे का’ एवढंच ठरवतो. हो म्हटलं तर ‘ट्रू बिल’, म्हणजे इंडाइटमेंट. नाही म्हटलं तर ‘नो बिल’.

एकमत लागत नाही. फेडरल (म्हणजे केंद्रीय) ग्रँड ज्युरीत १६ ते २३ जण असतात आणि १२ मतं पुरतात. टेक्ससमध्ये १२ पैकी ९, ओहायोत ९ पैकी ७. पुरावा तर आणखी सैल. ऐकीव माहितीवर इंडाइटमेंट चालतं (सर्वोच्च न्यायालयाचा कॉस्टेलो निकाल, १९५६; पुढेही कंसात अशीच निकालांची नावं आहेत). बेकायदा झडतीतून मिळालेल्या पुराव्याच्या आधारे साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात (कॅलँड्रा, १९७४). आणि आरोपीच्या बाजूचा पुरावा हातात असूनही तो ग्रँड ज्युरीला दाखवण्याचं बंधन फेडरल सरकारी वकिलावर नाही (विल्यम्स, १९९२). काही राज्यांनी स्वतःच्या कायद्यात हे थोडं आवळलंय, पण मूळ ढाचा हाच.

दुसरी गोष्ट म्हणजे ग्रँड ज्युरी सगळीकडे लागतच नाही. पाचव्या घटनादुरुस्तीतली ही अट राज्यांना लागू नाही, हे १८८४ च्या हुर्ताडो निकालापासून पक्कं आहे. साधारण निम्मी राज्यं गंभीर गुन्ह्यांसाठी ती मागतात. कॅन्सस किंवा आयोवामध्ये बहुतेक खटले सरकारी वकिलाच्या लेखी आरोपावरच उभे राहतात. कॅन्सससारख्या ठिकाणी त्यानंतर न्यायाधीशासमोर प्राथमिक सुनावणी होते. या सुनावणीत आरोपीच्या वकिलाला तक्रारदार पक्षाच्या साक्षीदाराची उलटतपासणी करता येते, आणि ती साक्ष नोंदीवर राहते. इंडाइटमेंट आधी मिळवलं की बहुतेक ठिकाणी ही सुनावणी गळून पडते. सरकारी वकिलांना ग्रँड ज्युरी प्रिय असण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि त्याबद्दल बातम्यांत सहसा चकार शब्द नसतो.

ड्यूक विद्यापीठाचं लॅक्रॉस प्रकरण या दृष्टीने तारखा समोर ठेवून पाहा. आरोप बलात्काराचा, घटना १३ मार्च २००६ च्या रात्रीची. ५ एप्रिलला प्रशिक्षकाचा राजीनामा आणि उरलेला हंगाम रद्द. तोपर्यंत एकाही खेळाडूवर आरोप नव्हता. १० एप्रिलला बचाव पक्षाने जाहीर केलं की डीएनए चाचणीत एकाही खेळाडूचा संबंध दिसत नाही. १७ एप्रिलला, म्हणजे आठवड्याने, ग्रँड ज्युरीने दोघांवर इंडाइटमेंट दिलं. तिसऱ्यावर १५ मे रोजी, त्याच्या पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी. मधे २ मे रोजी डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी (निवडून येणारा स्थानिक मुख्य सरकारी वकील) माइक निफाँग यांच्या पक्षांतर्गत निवडणुकीचं मतदान होऊन गेलं होतं. त्या खोलीत कोण काय बोललं हे बाहेर तपासायची सोय नव्हती, कारण नॉर्थ कॅरोलायनात ग्रँड ज्युरीपुढच्या साक्षीची सर्वसाधारणपणे नोंदच ठेवत नसत. डिसेंबरमध्ये प्रयोगशाळेच्या संचालकाने कोर्टात सांगितलं की अहवालातून काही निष्कर्ष वगळले होते. ११ एप्रिल २००७ रोजी राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल रॉय कूपर यांनी खटला रद्द करून तिघं निर्दोष असल्याचं जाहीर केलं. जूनमध्ये निफाँग यांची सनद गेली.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: वजन अगदी कमी. तरीही विद्यापीठांच्या नियमावल्यांत निलंबनाची कळ तिथेच बसवलेली असते, कारण तारीख आणि शिक्का असलेला तो पहिला कागद असतो.

आरोपीला या टप्प्यावर काहीच करता येत नाही असं मात्र नाही. टेक्ससमध्ये बचावाचे वकील सरकारी वकिलामार्फत ग्रँड ज्युरीला कागदांचा गठ्ठा देण्याचा प्रयत्न करतात: संदेशांची छापील प्रत, वेळेचा तक्ता, साक्षीदारांची निवेदनं. न्यूयॉर्कमध्ये आरोपीला स्वतः साक्ष देण्याचा हक्क आहे, पण त्यासाठी संरक्षण सोडल्याची सही करावी लागते आणि तिथे बोललेला प्रत्येक शब्द पुढे खटल्यात वापरता येतो. विशीतल्या मुलाला तिथे पाठवायला फारच थोडे वकील तयार होतात.

---

नोबिल

दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो. ‘स्पीडी ट्रायल’ हे एक घड्याळ नसून तीन आहेत.

पहिलं सहाव्या घटनादुरुस्तीचं. ते अटक किंवा औपचारिक आरोप, यांपैकी जे आधी घडेल तिथून चालू होतं (मॅरियन, १९७१). पोलीस नुसती चौकशी करत असतील तर सुरूच होत नाही, मग ती चौकशी दहा महिने का चालेना आणि संघाने खेळाडूला बाकावर का बसवेना. त्याला ठरावीक दिवसही नाहीत. बार्कर विरुद्ध विंगो (१९७२) या निकालातले चार मुद्दे तोलतात: किती उशीर, का उशीर, आरोपीने हक्क मागितला का, आणि त्याचं नुकसान काय झालं. त्या खटल्यात पाच वर्षांहून जास्त उशीर झाला होता आणि तरी आरोपी हरला, कारण बराच काळ त्याने तक्रारच केली नव्हती. एक वर्षाच्या आसपास उशीर झाला की न्यायालयं निदान मुद्दा ऐकून घेतात. हंगाम बुडाला हे ‘नुकसान’ म्हणून मांडता येतं, पण न्यायालयांचा भर तुरुंगवास आणि बचावाचा पुरावा हरवणं यांवर जास्त असतो.

दुसरं घड्याळ कायद्याचं. इथे खरे आकडे आहेत:

– फेडरल: अटकेपासून इंडाइटमेंटपर्यंत ३० दिवस, इंडाइटमेंट किंवा पहिली पेशी, जे नंतर होईल, त्यापासून खटला ७० दिवसांत.
– आयोवा: अटकेपासून ४५ दिवसांत आरोप, तिथून ९० दिवसांत खटला, आणि काहीही झालं तरी आरोप वाचून दाखवल्यापासून एक वर्ष.
– कॅन्सस: आरोप वाचून दाखवल्यापासून, कोठडीत असेल तर १५० आणि जामिनावर असेल तर १८० दिवस.
– ओहायो: गंभीर गुन्ह्याला २७० दिवस, पण जामिनाअभावी कोठडीत काढलेला एक दिवस तीन धरतात.
– कॅलिफोर्निया: गंभीर गुन्ह्यात आरोप वाचून दाखवल्यापासून ६० दिवस.
– न्यूयॉर्क: गंभीर गुन्ह्यात सहा महिने, पण त्या मुदतीत सरकारने ‘आम्ही तयार आहोत’ एवढंच म्हणायचं असतं. खटला त्यानंतर कधी उभा राहील हे कोर्टाच्या गर्दीवर.
– टेक्सस: काहीच नाही. तिथला कायदा त्यांच्याच सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने १९८७ मध्ये रद्द केला. ९० दिवसांत सरकार तयार नसेल तर कोठडीतल्याला परवडेल असा जामीन द्यावा लागतो. जो आधीच जामिनावर बाहेर आहे, त्याला या कलमाचा उपयोग शून्य.

तिसरं घड्याळ न्यायाधीशाच्या स्वतःच्या डायरीचं. ते कोणाच्याच हातात नसतं.

एवढे आकडे असून प्रकरणं रखडतात, कारण मधले दिवस वगळले जातात. बचाव पक्षाने अर्ज केला की तो निकालात निघेपर्यंत फेडरल घड्याळ थांबतं. बचावाने तारीख वाढवून मागितली की कॅन्ससचं थांबतं. आणि सगळ्यात मोठं भोक म्हणजे पहिल्या-दुसऱ्या पेशीला सहीसाठी पुढे केला जाणारा हक्क सोडल्याचा फॉर्म. वकील म्हणतो ‘नेहमीचंच आहे’, मुलगा सही करतो, आणि ६० किंवा ९० दिवसांचं संरक्षण तिथेच संपतं. फेडरल खटल्यात असा हक्क आगाऊ आणि कायमचा सोडून देणं चालत नाही (झेडनर, २००६), राज्यांत सर्रास चालते.

---

पाचवं वर्ष

वरच्या दोघांनी कोर्टाची घड्याळं सांगितली. खेळाडूचं स्वतःचं घड्याळ त्यांपैकी कशाचीच वाट पाहत नाही. एनसीएएच्या (कॉलेज खेळांचं नियमन करणारी संघटना) पहिल्या श्रेणीत वर्षानुवर्षे चालत आलेला हिशोब म्हणजे पाच वर्षांत चार हंगाम, आणि हे पाच वर्षांचं घड्याळ पूर्णवेळ प्रवेश घेतल्याच्या दिवसापासून चालतं. अटक, निलंबन, खटला यांनी ते थांबत नाही. सूट मागता येते, पण मिळेलच असं नाही. ड्यूकच्या ३३ खेळाडूंना २००७ मध्ये जादा वर्ष मिळालं ते संपूर्ण संघाचा हंगाम रद्द झाला होता म्हणून. फुटबॉलमध्ये २०१८ पासून चारपर्यंत सामने खेळूनही तो हंगाम मोजला जात नाही. त्यामुळे सप्टेंबरअखेरीस अटक झालेला खेळाडू चौथ्या सामन्यावर आहे की पाचव्या, यावर एक पूर्ण वर्ष ठरू शकतं.

तिसऱ्या प्रश्नासाठी दोन उदाहरणं शेजारी ठेवा.

इलिनॉयचा बास्केटबॉलपटू टेरेन्स शॅनन ज्युनियर. कॅन्ससमध्ये बलात्काराचा आरोप, २८ डिसेंबर २०२३ ला विद्यापीठाकडून निलंबन, सहा सामने बुडाले. त्याच्या वकिलांनी फौजदारी खटल्याची वाट न बघता विद्यापीठाविरुद्ध फेडरल न्यायालयात दिवाणी दावा टाकला आणि १९ जानेवारी २०२४ ला निलंबनाविरुद्ध अंतरिम मनाई मिळवली. उरलेला हंगाम तो खेळला. १० मे ला प्राथमिक सुनावणी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खटला, १३ जूनला निर्दोष. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात ती वार्षिक फेरी) सत्ताविसाव्या क्रमांकावर निवड.

दुसरं टेक्ससमधलं. बेलर विद्यापीठाचा एक फुटबॉलपटू एप्रिल २०१६ मध्ये एनएफएल (व्यावसायिक फुटबॉल) ड्राफ्टच्या काही दिवस आधी अटकेत. त्याच वर्षी इंडाइटमेंट. ज्युरीने निर्दोष सोडलं ते फेब्रुवारी २०१९ मध्ये. ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नव्हतं.

पहिल्याचा हंगाम वाचला तो सहाव्या घटनादुरुस्तीमुळे नाही, हे नीट लक्षात घ्या. तो वाचला विद्यापीठाविरुद्धच्या दाव्यामुळे. जलद खटल्याने ड्राफ्ट वाचवला. आणि अशी मनाई मिळणं दुर्मीळच आहे: संघातून खेळणं हा मालमत्तेसारखा हक्क नाही, असंच बहुतेक फेडरल न्यायालयं म्हणत आली आहेत. शॅननच्या बाबतीत नाव आणि प्रतिमेतून येणारं उत्पन्न व ड्राफ्टमधलं स्थान ही ठोस आर्थिक बाजू दाखवता आली. तिसऱ्या फळीतल्या खेळाडूला ते जमणं कठीण. शिवाय विद्यापीठ सरकारी हवं; खासगी विद्यापीठाला घटनेतली ‘ड्यू प्रोसेस’ लागूच होत नाही, तिथे करारभंगाच्या मार्गाने जावं लागतं.

---

मध्यरेषा

हे फारच उपयोगी आहे. म्हणजे खेळाडूने नेहमी घाई करावी का? आणि आयोवात ४५ आणि ९० दिवस इतके कडक असतील, तर तिथल्या कॉलेज खेळाडूंवर सट्टा खेळल्याचे खटले झाले त्या २०२३ च्या प्रकरणात खेळाडू सुटले ते मुदत संपली म्हणून का?

---

ज्युरीबॉक्स

आयोवाचं आधी. मुदतीशी संबंध नाही. तपास अधिकाऱ्याने वॉरंटशिवाय मोबाइलच्या ठिकाणाची माहिती देणारं सॉफ्टवेअर वापरल्याचा मुद्दा बचावाने लावून धरला आणि मार्च २०२४ मध्ये सरकारने चौघांवरचे खटले मागे घेतले. तोवर २०२३ चा फुटबॉल हंगाम होऊन गेला होता. काहींनी आधीच अल्पवयात सट्टा खेळल्याचा किरकोळ गुन्हा कबूल करून ६४५ डॉलर दंड भरला होता. त्यांना या मुद्द्याचा लाभ मिळाला नाही. आणि सट्ट्याबद्दलची एनसीएएची शिक्षा वेगळीच चालते. खटला रद्द झाला म्हणून ती आपोआप उठत नाही.

घाईबद्दल: नाही, नेहमी नाही. जलद खटला मागणं म्हणजे स्वतःही तेवढ्याच दिवसांत तयार होणं. फोनमधला डेटा काढून घ्यायला, प्रयोगशाळेचा अहवाल यायला, स्वतःचा तज्ज्ञ नेमायला महिने लागतात. अर्धा पुरावा हातात नसताना ६० दिवसांत खटला उभा केला तर सरकारी पक्षाची तयारी कच्ची असेलही, पण चूक झाली तर त्यांचा एक खटला जातो आणि मुलाची दहा वर्षं.

माझ्या मते व्यवहारी क्रम असा. पहिल्याच आठवड्यात वकिलाने पुरावा जपून ठेवण्याची लेखी नोटीस पाठवायची: वसतिगृहाच्या दाराची कार्डनोंद, आवारातले कॅमेरे, टॅक्सी अ‍ॅपची पावती, बारचं बिल. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, आणि पुसल्यावर ते कुणी मुद्दाम नष्ट केलं असं सिद्ध करणं जवळपास अशक्य. खेळाडूने स्वतःच्या फोनमधलं काहीही काढून टाकायचं नाही. लाजिरवाणा संदेश पुसला की त्यातून नवा गंभीर गुन्हा तयार होतो. हक्क सोडल्याच्या फॉर्मवर सरसकट सही नको. मुदत वाढवायचीच असेल तर ठरावीक तारखेपर्यंतच वाढवावी आणि त्या दिवशी पुन्हा लेखी मागणी नोंदवावी, कारण बार्करमधला तिसरा मुद्दा त्या कागदावरच उभा राहतो. जामिनाच्या अटीही वाचायच्या: राज्याबाहेर जायला बंदी असेल तर विद्यापीठाने परवानगी देऊनही परगावचे सामने चुकतात. सामन्यांचं वेळापत्रक जोडून अट शिथिल करण्याचा अर्ज करता येतो. ‘साक्षीदारांशी संपर्क नको’ या अटीत सहखेळाडू येत असतील तर सराव आणि खोली दोन्ही अडचणीत येतात, ते तेव्हाच स्पष्ट करून घ्यावं.

---

नोबिल

यात एक भर. खरी फसगत कोर्टाबाहेर होते, प्रशिक्षकाच्या खोलीत. प्रशिक्षकाशी बोललेलं गोपनीय नसतं. त्याला समन्स आलं की तो सगळं सांगायला बांधील. सहखेळाडूंचंही तेच. त्यांना ग्रँड ज्युरीचं समन्स आलं तर फेडरल पद्धतीत वकील आत येऊ शकत नाही, पण मधेच बाहेर येऊन सल्ला घेता येतो. गुप्ततेचं फेडरल बंधन सरकारी वकिलावर आणि ज्युरींवर असतं, साक्षीदारावर नसतं. त्याने आत काय विचारलं हे स्वतःच्या वकिलाला जरूर सांगावं. संघाच्या ग्रुपवर मात्र टाकू नये, साक्षी जुळवून घेतल्याचा वास येतो.

लैंगिक अत्याचाराची तक्रार असेल तर टायटल नाइनची (शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाविरुद्धचा फेडरल कायदा) विद्यापीठातली चौकशी समांतर चालते. २०२० च्या नियमांनुसार, जे २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा लागू झाले, पुरावा तपासायला किमान १० दिवस आणि अहवाल वाचायला आणखी किमान १० दिवस मिळतात, प्रत्यक्ष सुनावणी होते, आणि उत्तर दिलं नाही एवढ्यावरून दोषी धरता येत नाही. पोलीस तपास चालू असणं हे काही काळ स्थगिती मागायला मान्य कारण आहे. तिथे दिलेलं निवेदन सरकारी वकील समन्स काढून मागवू शकतो. ‘मी सगळं समजावून सांगितलं की सुटेन’ या भरवशावर त्या सुनावणीत बोललेली मुलं फौजदारी खटल्यात स्वतःच्याच वाक्यांशी झगडतात.

---

व्हिसाखिडकी

परदेशी खेळाडूंचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. टेनिस, ट्रॅक, पोहणं यांत एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरचे बरेच असतात. संघातून निलंबन झालं तर व्हिसाला धक्का नाही. विद्यापीठातूनच निलंबन झालं तर पूर्णवेळ प्रवेश जातो आणि सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) नोंद बंद होते, मग खटल्यात उपस्थित कसं राहायचं हाच प्रश्न होतो. दुसरं म्हणजे ‘गुन्हा कबूल कर, वर्षभर नीट वाग, नोंद राहणार नाही’ अशी तडजोड स्थानिक विद्यार्थ्याला ठीक असते. इमिग्रेशन कायद्यात मात्र कबुली आणि कुठलंही बंधन एकत्र आलं की ती दोषसिद्धीच. वकिलाने हा धोका सांगितलाच पाहिजे (पडिला, २०१०), पण फौजदारी वकिलाला इमिग्रेशन येतंच असं नाही, वेगळा वकील धरावा.

---

मध्यरेषा

शेवटची शंका. सरकारने खटला मागे घेतला की खेळाडू लगेच परत येतो का? आणि पुन्हा आरोप लावले तर जुने दिवस मोजतात का?

---

ज्युरीबॉक्स

परत घेणं विद्यापीठाच्या मर्जीवर. त्यांची चौकशी खटल्याबरोबर संपत नाही.

दिवसांचं असं आहे. १९६७ च्या क्लॉप्फर खटल्यात नॉर्थ कॅरोलायनाच्या सरकारी वकिलाने खटला ‘हवा तेव्हा पुन्हा काढू’ या अटीवर बाजूला ठेवला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं आणि जलद खटल्याचा हक्क राज्यांना लागू केला. आरोपी ड्यूकचाच प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होता, हा एक योगायोग. पण आरोप रीतसर मागे घेतले असतील, तर मधला काळ घटनेच्या घड्याळात धरत नाहीत (मॅक्डोनल्ड, १९८२). नो बिलचंही तसंच: टेक्ससमध्ये तेच प्रकरण दुसऱ्या ग्रँड ज्युरीपुढे नेता येतं. गुन्ह्याची कालमर्यादा संपेपर्यंत ती शक्यता उघडीच राहते, आणि गंभीर लैंगिक गुन्ह्यांत ती अनेक राज्यांत फार लांब आहे. म्हणून आदेश हातात आला की आधी ‘विथ प्रेज्युडिस’ (तोच आरोप पुन्हा आणता येत नाही) लिहिलंय की ‘विदाउट’ (पुन्हा आणता येतो), ते बघायचं. ‘विदाउट’ असेल तर खेळाडूने आपल्या बाजूचा पुरावा आणि वकील दोन्ही तसेच धरून ठेवायचे.